रात्री झोप लागत नसेल तर सुरुवात सकाळच्या उठण्यापासून करा

बेळगावात आमच्या वडगावच्या घरात पाच माणसं आणि झोपेच्या तऱ्हाही पाच. सासरे, त्यांना आम्ही मामाच म्हणतो, रात्री साडेआठला आडवे होतात आणि पहाटे साडेतीनला उठून सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, बसतात, पोरगा पीयूसी सेकंडला, म्हणजे बारावीला, आहे तो एक वाजेपर्यंत टक्क जागा आणि सकाळी उठवायला दोन माणसं लागतात, मिस्टर उद्यमबागेत फाउंड्रीत, म्हणजे एक आठवडा फर्स्ट, एक आठवडा सेकंड, एक आठवडा नाईट. आत्तींचं, म्हणजे सासूबाईंचं, तर वेगळंच, बाजूच्या घरातला माग रात्रभर खटखट करत असला की त्या गाढ झोपतात आणि करंट जाऊन माग थांबला की खडबडून जाग्या होतात. आणि पाचवी मी, दोन वर्षांपूर्वी अकराला आडवी पडून दोन-अडीचपर्यंत छताकडे बघत असायची. सकाळी दारात पाणी मारताना शेजारच्या अक्का म्हणायच्या, "रात्री निद्दी बरलिल्ल री", म्हणजे कानडीत रात्री झोपच आली नाही हो, आणि मी म्हणायचे माझं पण तेच.

त्यातून बाहेर पडायला मला तीन-चार महिने लागले. त्यात जे शिकले, डॉक्टरांकडून आणि वाचून, ते इथं ओळीनं लिहिते, म्हणजे ज्यांना रात्र खायला उठते त्यांना करून बघता येईल.

आधी आपली झोप कुठल्या तऱ्हेची ते ओळखा

एक जुनी वही घ्या आणि दोन आठवडे रोज सकाळी चारच गोष्टी लिहा. अंथरुणावर कधी पडलो, अंदाजे कधी झोप लागली, मधे किती वेळ जाग होती, सकाळी कधी उठलो. बाजूला चहा किती आणि शेवटचा किती वाजता ते पण टाका. रात्री उठून घड्याळ बघून लिहायचं नाही हां, सकाळी आठवेल तसं अंदाजानं लिहायचं, कारण रात्री घड्याळ बघितलं की "आता फक्त चार तास राहिले" हा हिशोब सुरू होतो आणि तोच झोप उडवतो.

ही वही लिहिल्यावर मला दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे मी समजत होते तेवढी कमी झोप होत नव्हती, साडेपाच तास तरी होत होती. दुसरी म्हणजे मी अंथरुणावर साडेआठ तास काढत होते. हा जो मधला तीन तासांचा फरक आहे ना, तिथंच सगळा घोळ होता, त्याच्यावर पुढं सांगते.

आणि दुसऱ्याच्या झोपेशी आपली झोप लावून बघू नका. मोठ्या माणसाला साधारण सात ते नऊ तास लागतात, पासष्टच्या पुढच्यांना सात-आठ, आणि तेरा ते अठरा वयाच्या पोरांना आठ ते दहा. मामा साडेआठ ते साडेतीन झोपतात म्हणजे सात तास झालेच की, त्यांना निद्रानाश नाही, त्यांचं घड्याळ पुढं सरकलंय एवढंच, वय वाढलं की तसं होतं. पोराचं उलटं, त्या वयात शरीराचं घड्याळ मागं पडतं, रात्री झोप उशिरा चढते. पूर्वी मी रोज रात्री ओरडायचे, "अजून काय बघूलैस रे", त्यातला निम्मा दोष वयाचा आणि निम्मा मोबाईलचा हे आता कळतंय.

उठायची वेळ पक्की करा, झोपायची नाही

सगळ्यात महत्त्वाचं हेच, बाकी काही जमलं नाही तरी हे करा. झोप आपल्या हुकमावर येत नाही, पण उठणं आपल्या हातात आहे. मी सहा ठरवली. रात्री झोप दोनला लागो की अडीचला, सहाला उठायचंच, रविवारी पण. पहिले आठ-दहा दिवस लई जड गेले, दुपारी डोळे मिटायचे, पण त्यानंतर रात्री झोप आपोआप लवकर यायला लागली.

याच्यामागं कारण आहे. दिवसभर आपण जागे असतो तेव्हा मेंदूत ॲडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि त्यानं झोपेचा जोर वाढतो, भूक वाढते तसा. उशिरा उठलं किंवा दुपारी दोन तास ताणून दिली की हा जोर रात्रीपर्यंत पुरेसा साठतच नाही. दुसरं म्हणजे शरीरातलं घड्याळ. पिकलेल्या केळ्यांवर बारकी चिलटं बसतात ना, तसल्या फळमाशीवर काम करून या घड्याळाची आतली यंत्रणा शोधली म्हणून २०१७ चं वैद्यकाचं नोबेल जेफ्री हॉल, मायकल रॉसबॅश आणि मायकल यंग या तिघांना मिळालं. हे घड्याळ रोज थोडं इकडं-तिकडं सरकतं आणि त्याला जागेवर आणायचं काम सकाळचा उजेड करतो.

म्हणून उठल्या उठल्या बाहेर या. वीस-तीस मिनिटं उजेडात राहायचं, अंगण झाडा, दूध आणायला चालत जा, परड्यात बसून चहा घ्या, काहीही. पावसाळ्यात आभाळ भरलेलं असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबपेक्षा कितीतरी जास्त असतो, तेव्हा छत्री घेऊन का होईना पण बाहेर या. माझं माहेर खानापूरकडचं, तिथं जून लागला की चार-चार दिवस ऊन दिसत नाही आणि कौलारू घरात दिवसाही अंधार, त्या दिवसांत सगळेच पेंगत असतात ते उगाच नाही.

अंथरुणावर फक्त झोपायचं

आता तो तीन तासांचा घोळ. झोप कमी होते म्हणून मी लवकर आडवी पडायला लागले होते, अकराची साडेनऊ केली, वाटायचं की तेवढीच जास्त मिळेल. झालं उलटंच, जागं पडून राहायचे तास वाढले, आणि मेंदूनं अंथरूण म्हणजे तळमळायची जागा असं धरून ठेवलं. सोप्यात टीव्ही बघताना डोळे मिटायचे आणि आत जाऊन वाकळ अंगावर घेतली की टक्क जाग यायची. तुमचं असं होत असेल तर हेच चाललंय समजा.

रिचर्ड बूटझिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७२ मध्ये यावर एक पद्धत मांडली ती आजही डॉक्टर वापरतात आणि घरात करता येते. डोळे खरंच जड झाल्याशिवाय आत जायचं नाही. थकवा वेगळा आणि झोप वेगळी, अंग दुखतंय म्हणजे झोप आलीय असं नाही. आडवं पडल्यावर अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं, मंद दिवा लावून काहीतरी शांत करायचं, आणि परत डोळे जड झाले की यायचं. रात्रीत चारदा उठावं लागलं तरी चारदा उठायचं. मी सोप्यात बसून लसूण सोलायचे किंवा तांदूळ निवडायचे, पहिल्या आठवड्यात जवळपास किलोभर लसूण सोलून झाला असेल. तिसऱ्या आठवड्यात मात्र ताटलीत पाच-सहा पाकळ्या पडेपर्यंत मान खाली यायला लागली.

याच्याच जोडीला डॉक्टरांनी अंथरुणाचे तास कापायला सांगितले. वहीत सरासरी झोप साडेपाच तास होती, म्हणून अंथरुणावर सहाच तास, रात्री बारा ते सकाळी सहा. बारापर्यंत जागं राहणं हीच शिक्षा वाटायची. पण आठवड्याभरात त्या सहा तासांतले सव्वापाच-साडेपाच तास सलग झोप लागायला लागली, मग दर आठवड्याला पंधरा मिनिटं अलीकडे घेत घेत मी साडेदहापर्यंत आले. मात्र हे सगळ्यांसाठी नाही. फिट येणारे, मनाच्या आजाराची औषधं घेणारे, गाडी किंवा मशीन चालवणारे, गरोदर बायका, यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय तास कापू नयेत, आणि कुणीच साडेपाच तासांच्या खाली जाऊ नये.

चहा, तंबाखू आणि रात्रीचं जेवण

आपल्याकडं पाहुणा आला की चहा, पाहुणा गेला की चहा. चहातलं कॅफिन ॲडिनोसिनची जागा अडवून बसतं, म्हणून तरतरी येते, आणि मोठ्या माणसाच्या अंगातून त्यातलं निम्मं जायलाच साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहातलं निम्मं अकराला पण अंगात असतं. मी दुपारी तीननंतरचा चहा बंद केला, कुणाच्या घरी गेलं तर अर्धा कप पण नको, सरळ ताक मागायचं, कुणी रागावत नाही. तंबाखूचं पण तेच, निपाणी भागात मळून तोंडात धरल्याशिवाय झोपच येत नाही म्हणणारे कितीतरी आहेत, पण निकोटीन जागं करणारं आहे, ती सवय झालेल्या अंगाची तलफ भागते, झोप येत नाही. आणि दारूनं झोप लवकर लागते हे खरं असलं तरी दुसऱ्या निम्म्या रात्री ती तुटत राहते, घोरणं पण वाढतं.

जेवण झोपायच्या दोन-तीन तास आधी. बस, याच्यात जास्त काही नाही.

झोपायच्या आधीचा एक तास

मोबाईल सोप्यात चार्जिंगला लावायचा आणि तिथंच ठेवायचा, अलार्मसाठी दोनशे रुपयांचं घड्याळ आणा. आमच्या घरात हा नियम मोठ्यांनी आधी पाळला तेव्हा पोरानं पाळला, नुसतं सांगून ऐकलं नाही. नऊनंतर पांढरी ट्यूब बंद, पिवळा दिवा. उद्याची कामं, द्यायचे-घ्यायचे पैसे, भिशीचा हप्ता, जे काय डोक्यात फिरतंय ते आठ वाजताच कागदावर उतरवा. झोपायच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्यानं अंघोळ केली तर झोप लवकर लागते, कारण हातापायाकडं रक्त येऊन आतलं अंग हळूहळू थंड होत जातं आणि झोपेला तेच लागतं. बेळगावची हवा तशी थंड, त्यामुळं डिसेंबर-जानेवारीत पाय गार पडून झोप लागत नाही, तेव्हा मोजे घालून झोपा.

आवाजाचं म्हणाल तर आत्तींच्या मागाची गोष्ट लक्षात ठेवा. एकसारख्या आवाजाची मेंदूला सवय होते, बदलला की जाग येते. उसाचा सीझन सुरू झाला की ट्रॅक्टरवाले रात्रभर गाणी लावून जातात, कुत्री भुंकतात, त्यावर फॅनचा एकसारखा घूं आवाज किंवा कानात कापूस बऱ्यापैकी चालतो.

नाईट शिफ्टवाले आणि रात्री मोटर चालू करायला जाणारे

यांना वरचं सगळं जसंच्या तसं लागू होत नाही. माझा भाऊ शेती करतो, थ्री फेज करंट रात्री आला की पाणी पाजायला रात्री जावं लागतं, भात पोटरीला आलं की रानडुकरांची राखण वेगळी. यांनी जायच्या आधी तास-दीड तास झोप काढून घ्यावी. परत आल्यावर आणि पुढं सुट्टीच्या दिवशी पण, चार तासांचा एक तुकडा तरी रोज ठरलेल्या वेळीच झोपायचा, म्हणजे घड्याळ पूर्ण भरकटत नाही.

मिस्टरांच्या नाईटच्या आठवड्यात आम्ही काय करतो ते सांगते. पहाटे दोननंतर चहा नाही. घरी येताना डोळ्याला काळा चष्मा, कारण सकाळचं ऊन लागलं की शरीराला दिवस उगवला असं वाटतं. आल्यावर हलकं खाऊन लगेच झोप, खिडकीला मी जुनी काळी चादर दुमडून खिळ्यांना अडकवलीय, दाराची बेल बंद, आणि दूधवाला, गॅसवाला, शेजारी, सगळ्यांना सांगून ठेवलंय की दोनपर्यंत हाक मारू नका. डुलकी येत असेल तर बाईकवर बसायचं नाही, गेटजवळ पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटायचे आणि मगच निघायचं. याबाबतीत मी कुणाचं ऐकत नाही, उशीर झाला तरी चालेल.

दुपारची झोप

ज्यांना रात्री झोप नीट लागते त्यांनी खुशाल घ्यावी, वीस-तीस मिनिटं, तीनच्या आत. रात्री तळमळणाऱ्यांनी काही दिवस सोडावी.

डॉक्टरकडं कधी जायचं

आठवड्यातून तीन रात्री तरी झोप होत नाही आणि असं तीन महिने चाललंय तर जा. २०१६ पासून अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या मोठ्या संस्थेचाही सल्ला असा आहे की जुन्या निद्रानाशावर पहिला उपाय गोळी नाही, वर सांगितल्यासारखे सवयी आणि विचार बदलायचे उपचार. शेजारणीला लागू पडली म्हणून तिच्या स्ट्रिपमधली झोपेची गोळी अर्धी करून घेऊ नका, हे मी केलंय, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोकं जड होतं आणि गॅसवर दूध उतू गेलं तरी कळलं नाही.

मोठ्यानं घोरणारा माणूस मधेच श्वास थांबून दचकत असेल आणि दिवसा बसल्या जागी झोपत असेल तर तीन महिने थांबायचं नाही, लगेच दाखवायचं, त्यात बीपी आणि हृदयाला त्रास होतो. हे त्या माणसाला स्वतःला कळत नाही, बाजूला झोपणाऱ्यालाच कळतं, म्हणून मोबाईलवर मिनिटभर रेकॉर्ड करून डॉक्टरला ऐकवा. रात्री पायात वळवळल्यासारखं होऊन पाय हलवल्याशिवाय राहवत नसेल, किंवा मन उदास आहे, जगावंसं वाटत नाही, तेव्हा पण लगेच जा.

सणाच्या जागरणाचं काय

आपल्याकडं गणपती विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, शिवजयंतीचे चित्ररथ रात्रभर, गावच्या जत्रा वेगळ्या. ते सोडायला कोण सांगतंय, जायचंच. दुसऱ्या दिवशी फक्त एवढं करा, पहाटे येऊन पडलात तरी दुपारपर्यंत ताणू नका, रोजच्यापेक्षा एक-दोन तास उशिरा उठा, दुपारी तीनच्या आत अर्धा तास डोळे मिटा आणि रात्री नेहमीच्या वेळेला अंथरुणावर जा. गेल्या अनंत चतुर्दशीला आम्ही साडेचारला घरी आलो, मामा तेव्हा उठून चहा करत होते, त्यांनी विचारलं घेणार का, आम्ही ताक पिऊन झोपलो आणि आठला उठलो.