झोअँथिड उघडत नव्हते, तेव्हा केलेले बदल

२०० लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत झोअँथिड (खडकाला चिकटून राहणारे, बटणांसारखे दिसणारे प्रवाळांच्या नात्यातले प्राणी) आठवडाभर मुठीसारखे मिटलेले. क्षारता ३५ पीपीटी, तापमान २५-२६ अंश, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल सोसण्याची क्षमता) ८.५ डीकेएच; सगळं जागेवर. घोळ निघाला तो नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर असण्यात; ही पोषकं त्यांना थोडी तरी लागतात. शिवाय त्यांचा खडक अगदी वर, थेट दिव्याखाली.

फॉस्फेट शोषणारं माध्यम काढून टाकलं, माशांचं खाणं थोडं वाढवलं, खडक तळाजवळ उतरवला. तीन आठवड्यांत नायट्रेट ५ आणि फॉस्फेट ०.०५ पीपीएमवर आलं. तोंडं उघडली, कडेची झालर ताठ झाली. हे बदल हळूहळूच करा; एका दिवसात उडी मारली तर उरलेलेही वितळतात.

झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच. काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं, त्यामुळे तो खडक कधीही उकळू नका किंवा गरम पाण्याने घासू नका.

पहिल्या टाकीला मशरूम आणि लेदर हे प्रवाळ माझ्या मते सर्वांत योग्य. लेदर मधूनच मेणचट साय धरून काही दिवस मिटतो. तो आजार नव्हे, कात टाकणं आहे. पंपाचा झोत किंचित तिकडे वळवला की साय सुटते. त्याची रसायनं शेजाऱ्यांना बाधतात, म्हणून मध्ये वीतभर जागा ठेवा आणि सक्रिय कोळसा महिन्याला बदला. झेनिया हा मऊ प्रवाळ मात्र वेगळ्याच खडकावर, नाहीतर सगळीकडे पसरतो.

भारतात कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं संरक्षण आहे. समुद्रातून काढलेला तुकडा कुणी देऊ केला तरी घेऊ नका.