परफ्यूममधलं 'लेदर' शिकताना

परफ्यूमरी शिकायला येणारी मुलं लगेच लेदरचा फॉर्म्युला मागतात. मी उलट विचारते, कुठलं लेदर? कोरी बॅग, गाडीचं सीट की कोल्हापुरी चप्पल?

बाटलीवर लेदर लिहिलं असलं तरी आत चामड्याचा अर्क नसतो. ज्याला आपण चामड्याचा वास म्हणतो, तो बराचसा कातडं कमावताना वापरलेल्या पदार्थांचा असतो. रशियात कातड्याला बर्च झाडाच्या सालीचं धुरकट, डांबरासारखं तेल, म्हणजे बर्च टार, चोळत. 1786 मध्ये सेंट पीटर्सबर्गहून जेनोआला निघालेलं 'मेटा कॅथरिना' हे जहाज प्लिमथपाशी बुडालं. 1973 मध्ये ते सापडलं, तेव्हा आतली अशी कातडी वस्तू बनवण्याइतकी शाबूत होती. युरोपच्या नाकात लेदर म्हणून बसला तो हाच धुरकट वास. शनेलच्या 'क्वीर द रुसी' (म्हणजे 'रशियन लेदर') या परफ्यूमचं नावही तिथूनच आलं. कोल्हापुरी चपलेचं कातडं मात्र हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावतात. तो वास तुरट, मातकट. धूर जवळपास नाहीच. त्यामुळे परदेशी परफ्यूम हुंगून आपल्याकडचा माणूस 'हे कसलं लेदर, हे तर डांबर' म्हणाला, तर त्याचं नाक बिघडलेलं नसतं. बर्च टारमध्ये ग्वायकॉल, क्रेसॉल असे फिनॉल, म्हणजे उग्र वासाची संयुगं, असतात. कुणाला त्यात चूल जाणवते, कुणाला दवाखाना.

लेदरच्या वासाचा दुसरा मोठा खांब म्हणजे आयसोब्युटिल क्विनोलिन हे कृत्रिम रसायन. कडवट, हिरवट आणि भलतंच जोरकस. फ्रेंच परफ्यूमर जर्मेन सेलिए यांनी 1944 च्या 'बँडिट' या परफ्यूममध्ये ते सुमारे 1 टक्का घातल्याचं सांगतात, आणि एवढं प्रमाण आजही धाडसीच वाटतं. तुम्ही अल्कोहोलमधल्या 1 टक्का द्रावणापासून सुरुवात करा. कागदी पट्टीवर हुंगून लगेच मत बनवू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा हुंगा. वरचा अल्कोहोल उडाल्यावर खरं काय ते कळतं. लेदरच्या वासासाठी बीव्हर या प्राण्याच्या ग्रंथींतलं कॅस्टोरियमही वापरत, ते आता बहुतेक ठिकाणी कृत्रिम मिश्रणानेच भागवतात. स्वेडच्या, म्हणजे मखमली कातड्याच्या, मऊ वासासाठी सॅफ्रालीन हे कृत्रिम रसायन बघा, त्यात केशराची झाक आहे. मला स्वतःला ते बर्चपेक्षा आवडतं, पण परीक्षकांना धूर हवा असतो.

कच्चं बर्च टार घेऊ नका. त्यातल्या घातक बहुचक्री हायड्रोकार्बनमुळे इफ्राच्या (सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमांत फक्त शुद्ध केलेलंच चालतं. विक्रेत्याकडून प्रमाणपत्र मागून घ्या. शिवाय कन्नौजचा चोया विसरू नका. साल वृक्षाच्या राळेपासून किंवा शिंपल्यांपासून कोरड्या ऊर्ध्वपातनाने, म्हणजे पाणी न घालता तापवून, काढलेला हा धूर कोर्सच्या यादीत क्वचितच सापडतो, पण लेदरच्या तळाशी झकास बसतो.

मिश्रण कुणाला हुंगायला दिलंत तर नाव सांगू नका. 'लेदर' हा शब्द कानावर पडला की समोरच्याला लेदरच सापडतं. नुसतं विचारा, काय आठवलं? उत्तर जसंच्या तसं वहीत लिहा, 'आजोबांची सुटकेस' म्हणाले तर तेही. मग प्रमाण बदलायला बसा.