माझा अनुभव: स्वाक्षरी घरी वैध, संकलनानंतर अवैध

हस्तलिखितांच्या एक्सएमएल मेटाडेटा (वर्णनात्मक माहितीच्या) नोंदींवर आम्ही डिजिटल स्वाक्षरी करत होतो. आमच्या संगणकावर ती वैध ठरे, पण ओएआय-पीएमएच या नोंदी गोळा करण्याच्या प्रोटोकॉलद्वारे संकलित झालेली तीच नोंद, एक अक्षरही बदललेले नसताना, अवैध ठरे. नवे प्रमाणपत्र घेतले, किल्ली बदलली, हॅशसाठी (मजकुरावरून काढलेल्या छोट्या ठशासाठी) शा-१ सोडून शा-२५६ वापरले. दोन आठवडे व्यर्थ गेले.

अखेर दोन्हीकडची प्रमाणरूपातील (हॅश काढण्याआधी एक्सएमएल ज्या ठरावीक रूपात आणतात त्यातील) बाइट्स शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा संकलित नोंदीच्या मूळ घटकात 'एक्सएसआय'ची नेमस्पेस घोषणा (नावे कोणत्या संचातली हे सांगणारी खूण) आगंतुकासारखी बसलेली दिसली. साधे कॅनॉनिकलायझेशन, म्हणजे प्रमाणरूप देण्याची प्रक्रिया, संकलनात नोंदीभोवती आलेल्या बाहेरील वेष्टनाच्या घोषणाही आत ओढते, हे त्याचे कारण.

आधी नोंदीच्या मूळ घटकाला आयडी दिला आणि स्वाक्षरीतील संदर्भ (सही कशावर आहे हे सांगणारा) रिकामा न ठेवता त्या आयडीकडे वळवला. मग रूपांतरांत प्रथम 'एन्व्हलप्ड सिग्नेचर' (हॅशमधून स्वाक्षरीच वगळणारे) आणि त्यानंतर 'एक्सक्लुझिव्ह कॅनॉनिकलायझेशन' (बाहेरच्या न वापरलेल्या घोषणा न घेणारे) लावले. एवढ्याने हॅश जुळला, तरी स्वाक्षरी अवैधच राहिली, कारण 'साइन्डइन्फो'ची (स्वाक्षरीतील ज्या भागावर प्रत्यक्ष सही होते त्याची) कॅनॉनिकलायझेशन पद्धत वेगळी नमूद करावी लागते. तिथेही एक्सक्लुझिव्ह लिहिले. शेवटी मांडणीची मोकळी जागा स्वाक्षरीपूर्वीच ठरवली, कारण नंतरचे इंडेंटेशनही हॅश बिघडवते.

पडताळणीसाठी मात्र नोंदीतच जोडलेले प्रमाणपत्र ग्राह्य धरू नये, कारण खोटी नोंद करणाराही स्वतःचे प्रमाणपत्र जोडू शकतो. आम्ही संकलकाला आमचे प्रमाणपत्र आधीच स्वतंत्र मार्गाने दिले आहे.