कोंबडी बाहेर जाऊ नये की मुंगूस आत येऊ नये? परसातल्या कोंबड्या-बदकं पाळताना या चुका टाळा

षटकोनी भोकांची कोंबडीजाळी आणायची, चार बांबूंना ठोकायची आणि खुराडं झालं म्हणायचं, हा प्रकार गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत कुठेही दिसेल. ही जाळी कोंबडीला आत ठेवण्यापुरती असते. भटका कुत्रा ती दातांनी फाडतो. एक रुपयाच्या नाण्याएवढ्या भोकातून उंदीर येतो, मूठ जाईल एवढ्या फटीतून मुंगूस. म्हणून निदान खालच्या तीन फुटांना अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा. महाग पडते, मान्य. पण अंड्यावर आलेल्या चार तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, एका रात्रीत गेल्या तर त्याहून जास्त नुकसान होतं.

जाळी जमिनीला टेकली की काम संपलं असंही नाही. तिची फूटभर पट्टी बाहेरच्या अंगाला आडवी पसरा आणि वर चिरे ठेवा. उकरणारं जनावर भिंतीच्या मुळाशीच उकरतं आणि तिथे त्याला जाळी लागते. चार पावलं मागे जाऊन सुरुवात करायचं त्याला सहसा सुचत नाही.

दाराचं दुखणं वेगळं. जुन्या घरांत गोठ्याशेजारच्या चिऱ्यांच्या खुराड्याला एक फळी आणि तिला टेकवलेला दगड असतो. कुत्रा किंवा कोल्हा तो दगड नाकाने सारतो. कडी-कोयंडा लावा आणि कोयंड्यात खुंटी घाला. फळीखालची फट बघा. पावसात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, त्यामुळे जूनमध्ये नसलेली फट मार्चमध्ये असते.

कोण आलं होतं, ते आधी ओळखा

कोंबडी गेली की बहुतेक जण मुंगसाला शिव्या घालतात आणि दिसेल तिथे जाळी ठोकत सुटतात. चोर वेगळाच असेल तर ती मेहनत वाया जाते. थोडं थांबून खुणा बघा.

दिवसाढवळ्या, घरात कोणी नसताना कोंबडी मेली आणि मान किंवा डोकं चावलेलं असेल तर मुंगसाचा संशय घ्यायला जागा आहे. रात्री बंद खुराड्यात दोन-तीन मारलेल्या सापडल्या तर उदमांजर, म्हणजे आपला कांडेचोर. तो छपरावरून येतो. म्हणूनच मंगळुरी कौलांखालची मोकळी जागा जाळीने बुजवायला हवी, आणि फणसाच्या फांदीवर झोपणारी गावठी कोंबडीही सुरक्षित नसते. पिसांची रांग कुळागराकडे, म्हणजे सुपारीच्या बागेकडे, गेलेली आणि कोंबडी गायब असेल तर कोल्हा. अंगणभर मेलेली पाखरं, पण खाल्लेलं काहीच नाही, हे काम बहुतेक वेळा कुत्र्यांचं. आणि ते शेजाऱ्याचेच असू शकतात, हे जरा नाजूक प्रकरण.

रोज एखाददुसरं पिल्लू कमी होत असेल, रक्ताचा थेंबही नसेल, तर दिवसा शिक्रा किंवा कावळा आणि रात्री घूस किंवा साप. घुशीचं बीळ भिंतीलगत सापडतं, कधी त्याच्या तोंडाशी पिल्लाचा पायही. दिवसा अंडी गायब होत असतील तर घोरपड आठवा.

शिक्र्यासाठी जुन्या सीडी टांगतात. चार दिवस उपयोग होतो, मग पाखरू सरावतं. पिल्लांना पहिले काही आठवडे डाल्याखाली ठेवणं आणि अंगणात लपायला झुडपं असणं, हे जास्त कामाचं. रापणीचं किंवा दुसरं जुनं मासळीचं जाळं वरून ताणलं तर उत्तम, पण ते जमिनीपर्यंत लोंबू देऊ नका. नायलॉनच्या जाळ्यात धामण, नाग अडकतात, आणि मग ते सोडवायला कोणीतरी हात घालतं.

बदकं म्हणजे बसक्या कोंबड्या नव्हेत

तिन्हीसांजेला कोंबडी आपणहून घरी येते. बदकांचं तसं नाही. ती तळीच्या काठाला, मेरेवर, पाण्यातच रात्र काढायला तयार असतात, आणि कोल्ह्याला त्याहून सोपं भक्ष्य नाही. संध्याकाळचं खाणं नेहमी खुराड्यातच द्या. काही दिवसांत ती स्वतः रांगेने येतात. सकाळी मात्र सोडायची घाई नको. बदकं बहुतेक पहाटे अंडी घालतात, म्हणून आठ-नऊपर्यंत आतच ठेवा. नाहीतर अंडी शेतात शोधत फिरा.

त्यांना पायांनी धरून उचलू नका, पाय नाजूक असतात. खाकी कॅम्पबेलसारखी बदकं सहसा उबवायला बसत नाहीत, म्हणून अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवतात. पण कोंबडीचे 21 दिवस, बदकाच्या अंड्याचे 28. एकाच वेळी दोन्ही ठेवलीत तर कोंबडी आपली पिल्लं घेऊन उठेल आणि बदकाची अंडी गार पडतील.

बदकं आणि कोंबड्या एकाच खोलीत कोंबणं तर पावसाळ्यात हमखास नडतं. बदकं पाणी सांडून भुई चिखल करतात, आणि ओल्या भुईवर कोंबडीच्या पिल्लांना रक्ती हगवण लागते. दोघांच्या मधे निदान आडभिंत घाला आणि भाताचा तूस वरचेवर बदला.

साप तुम्हीच बोलावता

उरलेला उकडा भात, मासळीची डोकी संध्याकाळी अंगणात टाकली की रात्री उंदीर येतात. उंदरांच्या मागे साप येतो. अंधार पडायच्या आत भांडी उचला, दाणा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. पावसाळ्यात याचं आणखी एक कारण आहे: दमट मका आणि पेंड बुरसटते आणि तिच्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष होतं. कोंबडीला जेवढं पचतं तेवढ्याने बदकाची पिल्लं मरतात. बुरशीचा वास आला तर ती पेंड बदकांना देऊ नका, कोंबड्यांनाही नको.

काही वेळा मुंगूस मेलेली कोंबडी खातं आणि मारल्याचा आळ त्याच्यावर येतो. दोन-तीन कोंबड्या मरगळून, हिरवट विष्ठा टाकून, मान वाकडी करून मेल्या असतील तर ती मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग. पिल्लांना पहिल्या आठवड्यातच त्यावरची लासोटा लस डोळ्यात किंवा नाकात थेंबाने देतात. पुढचे डोस पशुवैद्यकाला विचारा. कुपीत शंभरावर डोस असतात, तेव्हा वाड्यावरच्या शेजाऱ्यांनी मिळून आणणं परवडतं. मेलेलं पाखरू व्हाळात, म्हणजे ओढ्यात, टाकू नका. खोल खड्ड्यात चुना घालून पुरा. व्हाळातलं मढं कुत्र्यांना आणि कोल्ह्यांना घरापर्यंत वाट दाखवतं.

एकदा चोरी साधली की जनावर दुसऱ्या रात्री परत यायची शक्यता मोठी. त्या संध्याकाळीच फट बुजवा, उद्यावर ढकलू नका. विष, फास किंवा जिवंत तार मात्र कधीही नको. अजगर, घोरपड, मुंगूस, उदमांजर यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. तार तर माणसाचाही जीव घेते. सकाळी खुराड्यात फुगलेला अजगर सापडला, म्हणजे कोंबडी गिळून त्याच जाळीतून बाहेर पडणं त्याला जमलेलं नसतं. काठी घेऊ नका. डिवचला तर गिळलेली कोंबडी ओकून टाकेल, ती काही तुमच्या कामाची नाही. उरलेल्या कोंबड्या बाहेर काढा, मुलांना आत पाठवा आणि वन खात्याला फोन करा.