वस्तीत नळ हवाय? आधी आपल्या गल्लीचा नळ मोजा

"आम्ही सगळ्यांना सारखंच देतो, मग तक्रार कसली?" बडोद्यात कुठल्याही वस्तीचं काम घेऊन कॉर्पोरेशनमध्ये गेलात की हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. ऐकायला ते बरोबरच वाटतं, म्हणून आधी त्याचं उत्तर तयार करायचं, अर्ज-बिर्ज नंतर. समजा दोन्हीकडे पाणी एक तासच येतं, पण आपल्या दांडिया बाजारात घरोघरी नळ आणि वर टाकी, आणि तिकडे चाळीस घरांत मिळून एक नळ, तर तो तास सारखा कसा झाला? चाळीस घरांत वाटला तर घरटी दीड मिनिट! मागच्याला जास्त दिल्याशिवाय तो बरोबरीला येणार नाही, एवढं साधं आहे, पण हे भाषणात सांगून पटत नाही, आकडे लागतात.

तर पहिलं काम, वही घ्या आणि एकच विषय धरा. "वस्तीवर अन्याय होतोय" असं लिहून नेलंत तर तो कागद कुठल्या टेबलावर पाठवायचा हेच कोणाला कळत नाही. पाणी, गटार, दिवे, कचऱ्याची गाडी, यातलं एकच. पाणी धरलंत तर आठवडाभर दोन ठिकाणी लिहायचं, एक आपली गल्ली आणि एक ती वस्ती. किती वाजता आलं, किती वेळ टिकलं, बादली भरायला किती वेळ लागला (प्रेशर मोजायचा याहून चांगला मार्ग मला तरी माहीत नाही), किती घरांत एक नळ. आणि हे तिथल्या बायकांनीच लिहू दे, तुम्ही नका लिहू, कारण पाणी त्या भरतात आणि नंतर साहेबांसमोर त्यांनाच बोलायचंय. मीटिंग रात्री आठनंतर ठेवा. दुपारी चारला ठेवलीत तर त्या दुसऱ्यांच्या घरी भांडी घासत असतात आणि मीटिंगला नुसते रिकामे पुरुष येतात, हे मी करून बसलेय.

मग कागद काढायचे, म्हणजे आरटीआय, माहिती अधिकाराचा अर्ज. गुजरातमध्ये फी 20 रुपये आहे, दिल्लीवाल्यांचं बघून 10 नका लावू, बीपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब असेल तर फी नाहीच. आणि मराठीत लिहू नका हो! कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा तिथली राजभाषा म्हटलंय, म्हणजे इकडे गुजराती. घरी मराठी बोलत असलो तरी गुजराती आपल्याला येतेच की. कोणाला लिहिताच येत नसेल तर तोंडी सांगितलेलं लिहून घ्यायला मदत करणं हे माहिती अधिकाऱ्याचं काम आहे, कायद्यातच आहे, उपकार नाहीत.

आता माझी चूक सांगते. पहिल्या अर्जात मी लिहिलं, "वस्तीत पाणी का येत नाही?" आणि उत्तर आलं की हा प्रश्न आहे, माहिती नव्हे. बरोबरच होतं त्यांचं. "का" विचारायचंच नाही, कागद मागायचा. असं लिहा: अमुक वॉर्डात गेल्या तीन वर्षांत पाण्याच्या लाइनवर झालेल्या कामांची यादी, जागा, खर्च आणि वर्कऑर्डरची नक्कल. तसंच नगरसेवकांच्या ग्रँटमधून कुठली कामं कुठल्या रस्त्यावर झाली त्याची यादी. ती यादी नकाशावर लाल पेनाने मांडा. एकाच सोसायटीत दोनदा पेव्हर ब्लॉक आणि पलीकडच्या वस्तीत एक ठिपका नाही असं काही असेल तर ते आपोआप दिसतं, तुम्हाला तोंडातून शब्द काढावा लागत नाही. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, ही तारीख कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवा.

जायचं कधी, हे खरं महत्त्वाचं आणि सगळे इथेच चुकतात. लोक मे महिन्यात मोर्चा काढतात, डोक्यावर मडकी घेऊन, फोटो येतो, दोन दिवस टँकर येतो आणि संपलं, कारण वर्षाचे पैसे तेव्हा वाटून झालेले असतात. कॉर्पोरेशनचं बजेट कमिशनर साधारण जानेवारीच्या शेवटी स्टँडिंग कमिटीपुढे ठेवतात आणि फेब्रुवारीत ते सभेत येतं, म्हणजे तुमची वही आणि नकाशा नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच पोचायला हवा. आधी वॉर्ड ऑफिसच्या इंजिनियरकडे, मग नगरसेवकांकडे. आपल्याकडे 19 वॉर्ड आणि प्रत्येकी चार नगरसेवक, त्यात दोन बायका, तर चौघांनाही वेगवेगळं भेटा, एकाला देऊन "ते बाकीच्यांना सांगतील" असं होत नाही. त्यातल्या बाईंना वस्तीतल्या बायकांनीच भेटावं, बोलणं लवकर पाण्यावर येतं. नंतर खंडेराव मार्केटला, म्हणजे कॉर्पोरेशनच्या मुख्य ऑफिसात जाऊन तोच कागद इनवर्ड करा, म्हणजे नोंदवून शिक्क्याची पोच घ्या. मागणी एका ओळीत: अमुक ठिकाणी इतके मीटर लाइन, इतक्या घरांसाठी. समता, न्याय हे शब्द अर्जात नसले तरी चालतं.

"ते लोक वेरो (म्हणजे कर) भरत नाहीत" हे येणारच. त्याला माझं उत्तर असं की 1992 च्या 74व्या घटनादुरुस्तीने जी 12वी अनुसूची आली, तिच्यातल्या पालिकांच्या 18 कामांमध्ये झोपडपट्टी सुधारणा आहे आणि दुर्बल घटकांच्या हिताचं रक्षणही आहे, त्यापुढे "वेरो भरला तर" असं कुठे लिहिलेलं नाही. तरीही कोणी थोडंफार काही भरत असेल तर त्या पावत्या घेऊन जा, वाद तिथेच मिटतो.

मंगळ बाजारासारख्या ठिकाणी पथारीवाल्यांचं काम असेल तर फेरीवाल्यांसाठीचा 2014 चा कायदा बघा. सर्वे होऊन सर्टिफिकेट मिळेपर्यंत हटवता येत नाही, हलवायचं तर 30 दिवसांची नोटीस, आणि टाउन वेंडिंग कमिटीत किमान 40 टक्के फेरीवाले हवेत, त्यात एक तृतीयांश बायका. कमिटीत कोण कोण आहे हाच पहिला आरटीआय टाका.

एक गोष्ट अवघड आहे आणि ती कॉर्पोरेशनच्या नाही, आपल्याच हातात आहे. सयाजीरावांनी 1906 मध्ये संस्थानभर सक्तीचं मोफत शिक्षण केलं हे आपण कौतुकाने सांगतो, पण त्यांच्याच स्कॉलरशिपवर शिकून 1917 मध्ये नोकरीला आलेल्या आंबेडकरांना याच शहरात राहायला खोली मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं आणि ते कमाटी बागेत झाडाखाली बसले. हुकूम वाड्यातून निघाला होता, अडला तो गल्लीत. म्हणून वस्तीची लाइन आपल्या सोसायटीच्या रस्त्यावरून जाणार असेल तर खोदकामाला विरोध करणारे कोण असतील ते आधीच बघून ठेवा, बऱ्याचदा ते आपल्याच गणपती मंडळातले निघतात! त्यांच्याकडे आधी चहाला जा, अर्ज नंतर.

आणि कागद जपा. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री 26 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 35 च्याही वर गेली तेव्हा काठावरच्या घरांत मगरींची भीती होती ती होतीच, वर रेशनकार्डं आणि पावत्या पाण्यात गेल्या त्या वेगळ्याच. शिक्का मारलेली प्रत्येक पोच त्याच दिवशी फोटो काढून तिघींच्या फोनमध्ये टाका, मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून उंचावर राहणाऱ्या कोणाच्या तरी घरी.