टोपोलॉजी ऑप्टिमायझेशन: आधी ग्रेडियंट तपासा, मग आकृती बघा

एम.टेक.ला डिझाइन ऑप्टिमायझेशन घेतलं असेल तर सुरुवातीलाच व्यावसायिक सॉफ्टवेअर उघडू नका. ओले सिग्मुंड यांनी २००१ मध्ये टोपोलॉजी ऑप्टिमायझेशनचा, म्हणजे ठरावीक मटेरियल कुठे ठेवलं तर रचना सर्वांत ताठ होईल हे शोधणारा, ९९ ओळींचा मॅटलॅब प्रोग्रॅम प्रसिद्ध केला, २०११ मध्ये त्याची ८८ ओळींची, बरीच वेगवान आवृत्ती आली. ती घ्या आणि ओळ न् ओळ समजून घ्या.

पहिलं गणित अर्ध्या एमबीबी तुळईचं (दोन टोकांना टेकलेली, मध्यावर भार असलेली नेहमीची चाचणी-तुळई; सममितीमुळे अर्धीच घेतात): आडवे ६० एलिमेंट (जाळीतले छोटे चौकोन), उभे २०, मटेरियलचं प्रमाण ०.५, पेनल्टी (अर्धवट भरलेले एलिमेंट टाळायला लावणारा घातांक) ३, फिल्टरची (शेजारच्या एलिमेंटांशी सरासरी घेणाऱ्या पायरीची) त्रिज्या २.४ एलिमेंट. मग त्रिज्या १ करून पुन्हा चालवा. एवढ्या त्रिज्येत शेजारचा एलिमेंट येतच नाही, त्यामुळे फिल्टर बंद पडतो आणि बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी नक्षी उमटते. ही रचना खरोखर मजबूत नसते. चार नोडचा (कोपऱ्यातल्या बिंदूंचा) एलिमेंट तिचा ताठपणा फुगवून दाखवतो. जाळी बारीक करताना त्रिज्याही त्याच प्रमाणात वाढवा (१५० × ५० ला ६), नाहीतर प्रत्येक जाळीला वेगळीच रचना मिळेल.

आता स्वतःचा बदल करा, उदाहरणार्थ कॅन्टिलिव्हर (एकाच टोकाला बांधलेली तुळई). नोडचे क्रमांक डावीकडच्या स्तंभापासून, वरून खाली जातात. डाव्या कडेचे सगळे नोड दोन्ही दिशांना बांधा, भार उजव्या खालच्या कोपऱ्यावर द्या. मॅट्रिक्स सिंग्युलर असल्याची सूचना आली तर आधार कमी पडलेत.

उद्दिष्ट फलन (ज्याची किंमत कमीत कमी करायची ते) बदललं की ग्रेडियंट (घनता बदलली की फलन किती बदलतं तो दर) तपासल्याशिवाय पुढे जाऊच नका. सगळ्या एलिमेंटांच्या घनता (० म्हणजे रिकामा, १ म्हणजे पूर्ण भरलेला) सारख्या ठेवल्या तर काही चुका लपतात, म्हणून ०.३ ते ०.७ मधल्या यादृच्छिक घनता घ्या. पाच-सहा एलिमेंट निवडून प्रत्येकाची घनता ०.०००१ ने वाढवून आणि घटवून फलन काढा. दोन्हींतल्या फरकाला ०.०००२ ने भागलं की येणारं उत्तर सूत्राने काढलेल्या ग्रेडियंटशी निदान चार अंकांपर्यंत जुळायला हवं. पाऊल फार लहान घेऊ नका, जवळजवळ सारख्या संख्यांच्या वजाबाकीत अचूक अंक उडून जातात.

इथे बरेच विद्यार्थी अडकतात. सेन्सिटिव्हिटी फिल्टर चालू असेल तर हे आकडे जुळणारच नाहीत, कारण तो ग्रेडियंट मुद्दाम बदलतो. तपासणीसाठी घनता फिल्टर, म्हणजे प्रोग्रॅममधला पर्याय २, वापरा. त्यात साखळी नियम पूर्ण पाळलेला असतो, त्यामुळे तफावत दिसली तर चूक तुमच्या सूत्रात किंवा कोडमध्येच शोधा. चिन्हही बघा: कम्प्लायन्सचा (रचना भाराखाली किती लवते त्या मापाचा) घनतेबाबतचा ग्रेडियंट धन आला तर ऋण चिन्ह कुठेतरी सुटलं आहे.