चढावर बंद पडणारी जुनी टू-स्ट्रोक ट्रेल बाईक: दोष टाकीच्या झाकणात

सपाटीला मक्खन, पण सिंहगडच्या घाटात गचके देत बंद. जरा थांबलं की पुन्हा चालू. प्लग बदलला, कार्ब्युरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) साफ केला, पुण्याच्या नाना पेठेतून ठिणगीची कॉइल आणली. फरक शून्य, डोक्याला ताप.

गाडी बंद पडताच टाकीचं झाकण उघडा. ‘स्सस्’ आवाज येऊन ती लगेच सुरू झाली, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. हवा आत जात नाही, म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही. (ना पंप, ना सेन्सर, या हलक्या गाड्यांवर जीव जडतो तो यासाठीच.)

झाकणाचं वॉशर काढा. झाकण पेट्रोलमध्ये भिजवा, क्लच केबलची एकच तार भोकातून फिरवा, आतून बाहेर फुंका. वॉशर बसवून झाकण घट्ट लावा, कार्ब्युरेटरकडची नळी काढून बाटलीत सोडा आणि पेट्रोलचा कॉक उघडा. बाटली भरेपर्यंत धार बारीक होता कामा नये.